भोईर मॅडम आणि आबांचा आकडा

भोईर मॅडमनी पहिल्याच तासाला माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. वर्गात आल्या, हजेरीचं रजिस्टर टेबलावर ठेवलं, पहिल्या बाकापाशी आल्या आणि न विचारता चष्मा उचलला. समोरचं सगळं धूसर झालं. त्यातून आवाज आला, "याला लागलं का?" वर्ग म्हणाला, नाही. मग त्यांचं काही चुकलं का, असं त्यांनी विचारलं. मी पहिल्या बाकावरचा, म्हणजे स्वतःच्या मते हुशार. इजाच नाही तर चूक कसली, असं मी ताबडतोब सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, "चूक झाली. का झाली, त्याचा तासभर विचार कर." आणि चष्मा हातात धरूनच शिकवायला लागल्या. तो तास मी नुसता ऐकून काढला.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. वाशीतल्या आमच्या संध्याकाळच्या लॉ कॉलेजात त्या अपकृत्यांचा कायदा शिकवायच्या. एकानं दुसऱ्याचं असं काही वाईट करायचं, की दुसऱ्याला दिवाणी कोर्टात भरपाई मागता येईल, ते अपकृत्य. मॅडम मूळच्या घणसोली गावच्या. वडील खाडीत जाळं टाकायचे, आई टोपलीतून मासळी विकायची, आणि घरात कोर्टाची पायरी चढलेल्या ह्या पहिल्या. शिकवायच्या पुस्तकी मराठीत, पण मुद्द्याला आल्या की गावची बोली बाहेर यायची. जाणूनबुजून केलेल्या अपकृत्याचे घटक आमच्या पुस्तकात चार पानं खायचे. मॅडम ते तीन प्रश्नांत उरकायच्या. "कोनी केलं? करायचं म्हनून केलं का? समोरच्याची मर्जी व्हती का?" लागलंच पाहिजे असं नाय, हे त्या वर बजावायच्या. मी हे सगळं वळणदार अक्षरात उतरवून घेतलं. माझं शिक्षण वहीपर्यंत नेहमीच सुखरूप पोचायचं.

दिवसा मी कांदा-बटाटा मार्केटात लसणाच्या एका गाळ्यावर मेहता, म्हणजे हिशेब लिहिणारा, होतो. आम्ही साताऱ्याकडचे. माझ्या वडिलांनी याच बाजारात, तो मुंबईत होता तेव्हापासून, जन्मभर पोती वाहिली. त्यामुळे हमालांनी मला घरचा समजावं अशी माझी अपेक्षा असायची, आणि साहेब म्हणावं अशीही. त्यांनी दोन्ही केलं नाही, ही माझी जुनी तक्रार होती.

एका दुपारी लसणाचं एक पोतं कमी भरलं. शेठ बाहेरगावी होते, म्हणजे गाळ्याचा राजा मीच. शेवटची खेप आबांनी टाकली होती. आबा आमच्या हमालांच्या टोळीतले सगळ्यांत जुने, पन्नाशी ओलांडलेले. संध्याकाळच्या एसटीनं ते गावी निघाले होते, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलीची सुपारी फुटायची होती. मला वाटलं, लग्नघर आहे, पैशाची नड असणार, उचललं असेल पोतं. असं नुसतं वाटून मी थांबलो असतो तर मॅडमनाही बोलायला जागा नव्हती. मी अख्ख्या टोळीसमोर आबांना चोर म्हटलं.

मग माझ्यातला वकील जागा झाला. अंगाला हात लावला नाही, दाराला कडी घातली नाही, की डांबून ठेवल्याचा ठपका येत नाही, एवढं मला पाठ होतं. मी फक्त आबांचा आकडा मागितला. आकडा म्हणजे पोतं ओढायचं लोखंडी हत्यार, मूठ वर्षानुवर्षांच्या घामानं काळी पडलेली. तो ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं आणि आबांना म्हणालो, पोत्याचा तपास लागला की घेऊन जा, दार उघडंच आहे. आकडा टाकून जाणारा हमाल म्हणजे चोरी कबूल करून पळालेला, असं बाजारात धरतात. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर मी आकडा मागितला. आबा भिंतीशी उकिडवे बसले आणि मी किल्ली खिशात घालून कॉलेजला गेलो.

वर्गात माझ्या पोटात ही हुशारी मावेना. मी उभा राहून विचारलं, समजा अ नं ब ला हात लावला नाही, दार उघडं ठेवलं, फक्त ब चं हत्यार ठेवून घेतलं आणि ब आपणहून बसून राहिला, तर अ निर्दोष ना? मॅडमनी विचारलं, हत्यार कसलं. मी म्हणालो, आकडा. त्यांनी खडू खाली ठेवला.

"ब आता कुठं हाय?"

"बसला असेल," मी म्हणालो.

"आन् किल्ली?"

माझा हात खिशाकडे गेला. मॅडमनी वर्ग तिथंच सोडला आणि मला रिक्षात घातलं. वाटेत एवढंच म्हणाल्या, की माणूस ज्याच्यावाचून हलू शकत नाही ते काढून घेतलं, की भिंत घालायची गरज उरत नाही.

आबा तसेच बसले होते. एसटी गेली होती. मॅडमनी नाव सांगितलं, त्यांच्यासमोर खाली बसल्या आणि पोत्याबद्दल विचारलं. आबांनी माझ्या टेबलामागं बोट केलं. माझी खुर्ची मोडकी होती, म्हणून सकाळी मीच लसणाचं एक पोतं आत ओढून घेतलं होतं. दिवसभर मी त्यावरच बसून अपकृत्यांचा कायदा वाचत होतो.

आधी का नाही सांगितलं, असं मी वर तोंड करून विचारलं. आबा म्हणाले, "चोर म्हनून बसवलं. चोरानं पोतं दाखवलं, तर तुमी काय म्हनला असता?"

मी काय म्हटलं असतं ते मला नेमकं माहीत होतं. मी ड्रॉवर उघडून आकडा दिला. साताऱ्याकडे एक ट्रक रिकामा परतत होता. मॅडमनी ड्रायव्हरला गाठून आबांना बसवलं आणि मलाही चढायला लावलं. सुपारीला वेळेवर पोचव आणि माफी माग, म्हणाल्या. रस्ताभर मी माफीची वाक्यं जुळवत होतो. कायद्याची भाषाही त्यात मी बरीच घातली होती. पण सकाळी व्याह्यांसमोर मी तोंड उघडायच्या आत आबांनी ओळख करून दिली, की हे आमच्या बाजारातले वकील, मला सोडायला मुद्दाम आलेत. मला फेटा बांधला. मी तो बांधून घेतला, पेढाही खाल्ला.

चार दिवसांनी, आबाही कामावर परतल्यावर, मॅडमना हे सांगितलं. आबांनी मोठ्या मनानं विषय मिटवला, असा समारोप केला. त्यांनी विचारलं, "चोर म्हनालास ते कुनासमोर?"

"टोळीसमोर."

"मग तो गावात मिटंल कसा?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी टोळीपुढे उभा राहिलो. रात्री जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. पोतं माझ्याच बुडाखाली होतं, आबांनी काही नेलं नव्हतं, मी खोटं बोललो, एवढंच कसंबसं म्हणालो. कुणीतरी हसलं. आबा हसले नाहीत. "बरं झालं बोललात," ते म्हणाले. "गावास्नं आल्यापास्नं माज्या डब्याला कुनी हात लावला न्हवता." टोळी एकमेकांच्या डब्यातलं खाते. शेजारी बसलेल्यानं खाली मान घालून आबांची अर्धी भाकरी उचलली. काय लागलं होतं, ते मला तेव्हा दिसलं.

मॅडम जाऊन आता बरीच वर्षं झाली. कुणाच्या हातून काही चुकलं की मला त्यांची आठवण येते, आणि माझ्या हातून चुकलं की फारच येते. टोळीपुढे बोललो त्या संध्याकाळी तास सुरू व्हायच्या आधी मी त्यांना भाकरीचं सांगितलं. शाबासकीची थोडी आशा होती, ती काही माझी सुटत नाही.

"तुला दिली का भाकरी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरोबर हाय," म्हणाल्या, आणि हजेरी घ्यायला लागल्या.