विचारून बंद होणारा डबा

गयासभाईंना कुणी डांबून ठेवलं नव्हतं. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत ते कामाला होते त्या कारखान्याला फाटक होतं, फाटकावर वॉचमन होता आणि तो रोज संध्याकाळी त्यांना सलाम ठोकून बाहेर सोडायचा. तरी दिवाळी ते होळी हा माणूस शहर सोडू शकत नव्हता. गुन्हा एकच: तरुणपणी त्यांनी एक डबा फार चांगला बनवला होता.

हा डबा म्हणजे कंट्रोलर; कापसाच्या जिनिंगमधला प्रेस तो चालवतो. रुई किती दाबायची, कुठं थांबायचं, दाबलेल्या रुईची गठाण कधी बाहेर काढायची, सगळं तोच ठरवतो. बाजारात तयार ऑपरेटिंग सिस्टिम मिळत असताना गयासभाईंनी आतली इवलीशी सिस्टिम स्वतः लिहिली, अगदी हौसेनं, जणू घरच्या लग्नाची शेरवानी शिवत होते. परिणाम असा की ती जाणणारा पृथ्वीवर एकच इसम उरला. हंगामात कुठलाही डबा रुसला की फोन त्यालाच. शहागंजच्या बाजारात मेथीची जुडी निवडताना, न्हाव्याकडं अर्धी दाढी झालेली असताना, मेहुण्याच्या लग्नाच्या वलीम्यात बिर्याणीचा पहिला घास उचलताना.

यंदा सुटकेची फट दिसली. डब्यातली चिप तयार होणं बंद होणार, असं कळलं. तरुण मालक ऋतुराज म्हणाला, "गयासभाई, नवं बोर्ड, नवी सिस्टिम, दोन्ही तुम्हीच निवडा. तुम्ही म्हणाल ते."

इकडं हैदराबादला त्यांच्या लेकीचं, जन्नतचं, पहिलं बाळंतपण ऐन हंगामात आलेलं. बायकोनं, आबेदानं, बजावलं होतं, "इस बार मशीन का बहाना नक्को. बेटी का बाप लगते तुम, डब्बे का नै."

गयासभाईंनी लिनक्सवर चालणारं बोर्ड निवडलं. लिनक्स येणारी पोरं गल्लोगल्ली. कारखान्यातली श्रेया तर त्यात तरबेज. एकदा ते बसलं की फोन श्रेयाला आणि गयासभाई हैदराबादला! बोर्डाकडं ते असं बघत, जसं कैदी वकिलाकडं बघतो.

हंगामाच्या तोंडावर गयासभाई आणि श्रेया गंगापूरच्या एका जिनिंगमध्ये तो नवा डबा लावायला गेले. प्रेस चालवायला पुंजाराम होता. श्रेयानं त्याला समजावलं, "काका, बंद करायच्या आधी स्क्रीनवरचं हे बटण दाबायचं. मग तो सगळं आवरून घेतो. मग मेन स्विच ओढायचा."

पुंजारामनं डब्याकडं आणि मग तिच्याकडं पाहिलं. "त्याला इचारून बंद करायचा व्हय? ताई, घरी बायकोला इचारत नाय मी."

"तिनं ऐकलं का हे?"

"नाय. ती घरी हाय म्हणून तर बोललो."

जिनिंगमध्ये बंद करणं म्हणजे मेन खाली ओढणं; जुन्या डब्याला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पट्टा अडकला, ओढ मेन. चहा आला, ओढ मेन. श्रेया ट्रकवाल्याला गाडी सरकवायला सांगायला बाहेर गेली, तेवढ्यात चहा आला आणि पुंजारामनं मेन ओढला. परत चढवला तर स्क्रीन काळी ती काळीच. डबा गठाणीचं वजन लिहून ठेवत असतानाच वीज गेली आणि आतलं मेमरी कार्ड खराब झालं होतं. गयासभाईंनी झटकन खिशातलं दुसरं कार्ड घातलं. डबा सुरू झाला. श्रेया परत आली तेव्हा स्क्रीनवर सगळं हिरवं.

"मस्त चाललंय ना सर?"

"हं," गयासभाई म्हणाले.

परतीच्या जीपमध्ये ते उपाय मोजत बसले. बॅटरी लावावी? तापलेल्या डब्यात, रुईच्या शेजारी? नको. डब्यानं लिहिणंच बंद करावं? मग वजनं कुठं ठेवायची? पुंजारामला बटण शिकवावं? एकवेळ हैदराबादच चिकलठाण्यात आणता येईल. तोंड मिटून बसलं तर मात्र आठवड्यात हैदराबादच्या गाडीत बसता येत होतं.

दुसऱ्या दिवशी ऋतुराजनं विचारलं, "मग, पक्कं करायचं?"

गयासभाईंनी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. बाहेर भलतंच आलं. "नाय चालणार. मेन ओढला की मरतं. काल मेलं होतं, मी कार्ड बदललं. हंगामात शंभर ठिकाणी मरेल."

श्रेया त्यांच्याकडं बघतच राहिली. "सर, मला का नाही सांगितलं?"

"सांगतोय की आता."

"वेळ दिला तर उपाय निघेल यावर."

"निघेल. पण हंगाम थांबत नाय."

ऋतुराज हसला. त्याच्या छातीवरचं ओझंच उतरलं. "मग सोपं आहे! नव्या चिपवर तुमचीच जुनी सिस्टिम चढवा. काळजी कशाची? तुम्ही आहातच."

तुम्ही आहातच! जन्मठेप सुनावताना न्यायाधीशसुद्धा इतक्या प्रेमानं बोलत नसेल.

घरी आबेदा बॅग भरत होती. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि हात थांबवला. "क्या हुआ?"

"सच बोल दिया."

"किसने बोला था बोलने कू?"

तिनं बॅगेतून त्यांचे शर्ट एकेक करून काढले, इस्त्री मोडणार नाही अशा बेतानं कपाटात ठेवले आणि रिकाम्या झालेल्या जागेत बाळाची दुपटी भरली.