पंख्याखालचा वारा

माझ्या भावाला सून हेलिकॉप्टरनं आणायची होती. शेजारच्या गावात कुणीतरी तशी आणली होती, मग ह्यानं का मागं राहायचं? मी फोनवर त्याला वेड्यात काढलं. तो म्हणाला, "अगं, घरात हेलिकॉप्टरवाली असताना आमी सुनेला जीपमधी आणू का?" हेलिकॉप्टरच्या वरच्या मोठ्या पंख्याचं गणित करणं ही माझी नोकरी. व्यास किती, पाती किती, पात्याला पीळ किती द्यायचा. एवढ्यावर गावात माझा रुबाब होता, आणि खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचा.

म्हणून उतरायची जागा मीच निवडली. ताडकळसच्या रस्त्याला लागून आमचं हरभरा काढलेलं रान होतं. जवळ विजेची तार नाही, झाड नाही. धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारून घेतलं, चुन्यानं मोठा गोल काढला. शेजारच्या तुकड्यात भावानं खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. दरवर्षी येणारं एक मेंढपाळ जोडपं होतं. त्या दिवशी नवरा पोखर्णीला गेलेला, राखणीला बायको एकटी. कळपातल्या बऱ्याच मेंढ्या गाभण होत्या.

तिनं मला विचारलं, "ताई, मेंढरं नाल्याकडं नेऊ का? लय आवाज असतोय म्हनं त्याचा."

मला भीती होती ती एखादी मेंढी बुजून पंख्याखाली शिरायची. "नको मावशी, बुजून कुठंही पांगतील. त्यापेक्षा कळपाभोवतीची जाळी चांगली ताणून घ्या, खुंट्या पक्क्या ठोका." तिनं मान डोलावली. हेलिकॉप्टरचं शिकलेली बाई सांगतेय म्हटल्यावर ती कशाला वाद घालेल? एक खुंटी तर मी स्वतः दगडानं ठोकली.

हेलिकॉप्टर आलं. बँडवाल्यांच्या टोप्या उडाल्या, लोक हसले. पंख्याचा वारा जमिनीवर आपटतो आणि जमिनीलगत चहूकडं धावतो. हे चित्र मी रोज संगणकावर बाणांनी काढते. त्या बाणांच्या पुढं काय असेल, हे मात्र मी कधी काढलं नव्हतं. मेंढ्या वाऱ्याकडं पाठ करून पळाल्या आणि जाळीवर आदळल्या. जाळी हलली नाही. मागच्या मेंढ्या पुढच्यांवर चढल्या. मावशी विळ्यानं जाळी कापत सुटली. सगळ्यांचे मोबाईल सुनेकडं होते. मी धावत जाऊन माझीच खुंटी उपटायला लागले, पण ती काही केल्या निघेना.

तीन मेंढ्या चेंगरून मेल्या. तिन्ही गाभण.

भावानं भरपाई दिली, हात जोडले. मावशीनं शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. संध्याकाळी मांडवात गाणी चालू असताना मी तिच्याकडं गेले. एक मेंढी धापा टाकत पडली होती आणि मावशी तिच्या पोटावर हात ठेवून बसली होती, आतलं पिल्लू हलतंय का बघत.

"तुमचा काय दोष, ताई," तीच मला म्हणाली. "तुमाला तरी काय ठाऊक?"

मला ठाऊक होतं. त्याचाच तर मी पगार घेते.

मग तिनं विचारलं, "ह्याचा वारा कमी करता येत न्हाई का वो?"

येतो. पंखा मोठा केला, की तेवढंच वजन संथ वाऱ्यावर उचलता येतं. पण मोठा पंखा जड होतो, अडचणीच्या जागेत मावत नाही. म्हणून आमच्या नव्या हेलिकॉप्टरचा व्यास आम्ही कमी करत आणलाय. वारा वाढतोय, तो वाढू दिलाय. "खाली असतंय कोण?" असं बैठकीत मीच म्हणाले होते, आणि सगळे हसले होते.

"नाही येत, मावशी," मी म्हणाले.

तिनं तेही खरं मानलं.