सैमीची काडतुसं

सैमी मोइलानेन शिकारीला कधी गेली नाही. बंदूक तिच्या नवऱ्याची, आर्नेची. काडतुसं मात्र तिच्या हातची.

ती बंदूक जुन्या लष्करी बंदुकीपासून केलेली, नळीचं भोक आठ-दोन मिलिमीटरचं. त्या मापाची काडतुसं कारखान्यानं कधीच बंद केली, म्हणून ती घरीच भरावी लागत. आर्नेची दोन बोटं आरागिरणीनं नेलेली, आणि उरलेली कुऱ्हाडीच्या दांड्याएवढी जाड. तेव्हा हे काम लग्नानंतरच्या पहिल्या शरदापासूनच सैमीकडं आलं. बेरीचा मुरंबा बरण्यांत गेला की ती मेणकापड पुसून बारकी तागडी मांडायची. रिकामं पितळ साफ करायचं, बुडाला ठिणगीची टोपी बसवायची, बंदुकीची दारू तोलून ओतायची, वर गोळी दाबायची. काम चालू असताना ती कुणाशी बोलत नसे. मी शेजारी, घरच्यासारखा. एकदा अशा वेळी कॉफी मागितली, तर भिंतीशी बोलल्यासारखं झालं.

या कामाचा तिला अभिमानबिभिमान नव्हता. कंटाळा होता. "गाय निदान दूध देती," म्हणायची.

मागच्या शरदात एक भलाथोरला मूस, घोड्याहून उंच सांबरच म्हणा, आर्नेच्या पुढ्यात आडवा उभा राहिला. आर्नेनं चाप ओढला, आणि बंदूक नुसती फुसकन वाजली. मूस निवांत झाडीत चालता झाला. मी पलीकडच्या ठिय्यावर होतो. ओरडलो, "आर्ने, पादलास का काय?"

तो खटका उघडून नळीतनं आभाळ बघायला गेला, तर आभाळच दिसेना. काडतुसात दारू पडलीच नव्हती. नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत निम्म्यात जाऊन बसली होती. तिच्यामागं दुसरी झाडली असती, तर नळी फुटून तोंडावर आली असती.

घरी आल्यावर गोठ्यामागं तो गज घालून गोळी ठोकून काढत होता. ठोकण्याचा आवाज ऐकून सैमी बाहेर आली आणि बघत राहिली. तिला काही सांगावं लागलं नाही.

"भरताना कुणी मधीच बोललं आसंल," आर्ने म्हणाला.

"कुणी न्हाई. मला दिसंना झालंय, म्हाताऱ्या. आता बास. मी भरत न्हाई."

"डोळ्याचं आपरेशन करून घे की."

"डोळं नीट झालं तरी न्हाई. इटले मी."

तालुक्याच्या गावी क्युओस्ती नावाचा बंदूकवाला होता. त्यानं बंदूक बघून सांगितलं, "नळी आतनं कोरून नऊ-तीनची करू. तसली काडतुसं दुकानात हाईत, घरी भराया नकोत. पर खांद्याला घोड्यावानी लाथ घालंल. आन एकदा कोरली की माघारी न्हाई."

अडचण खांद्याची होती. आर्नेचा उजवा खांदा झाड पडून मोडलेला आणि वाकडाच जुळलेला. सगळा हिवाळा तो विचार करत बसला. एकदा स्वतःच भरायला बसला. दारू मेणकापडावर सांडली, ती तळहातानं गोळा करायला गेला तर बाहीला चिकटली. सैमी शेजारी मोजा विणत होती. उठली नाही.

मी म्हणालो, "दुसरी बंदूक घे की."

"गालाला हिचाच दस्ता बसलाय, रेइनो. ह्या वयात नवी कुटनं शिकू?"

"मग खांदा तरी झिजव, न्हाईतर सैमी."

"तिला इचारलं. म्हनती, खांदा तुजा हाय, तूच बग."

बर्फ वितळल्यावर त्यानं बंदूक क्युओस्तीकडं टाकली.

ऑगस्टात शिकारीआधीची नेमबाजीची परीक्षा. मुसाच्या चित्रावर चार गोळ्या, चारही वर्तुळात. नाहीतर त्या शरदात बंदूक भिंतीला. तीन बसल्या. चौथ्या वेळी लाथेच्या भीतीनं आर्नेनं चाप ओढायच्या आधीच डोळे मिटले. परत पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला दात आवळून चारही बसवल्या आणि बंदूक माझ्या हातात देऊन खाली बसला.

घरी त्याला सदरा काढता येईना. सैमीनं काढला. खांदा बेरी चेंगरल्यासारखा जांभळा झालेला. तिनं मलमाची डबी घेतली, बोटावर मलम ऊन केलं आणि चोळायला लागली.

"पास झालो," आर्ने म्हणाला.

"दिसतंय."

"आता तुला टेबलाशी बसाया नको."

"न्हाई. आता उभं ऱ्हायचं."

"शिकार संपंस्तवरच गं."

"आन फुडच्या साली?"

ती हाडाच्या कडेनं बोटं फिरवत होती, तागडीवर वाकायची तशी वाकून, डोळे बारीक करून. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून मी कॉफी मागितली.

तिनं उत्तर दिलं नाही.