वळणाच्या रस्त्याचं ॲप

आमचे हे निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात त्यांनी मोटारसायकल घेतली. आयुष्यभर बीडच्या एका शाळेत भूगोल शिकवला, शाळेत जायला-यायला एकच जुनी स्कूटर वापरली, आणि आता म्हणे आपण दोघं फिरणार. मी म्हटलं, फिरू. मला वाटलं दुसऱ्या दिवशी निघायचं असेल. पण आधी ॲप ठरायचं होतं.

ॲप ठरवण्यात दिवाळी गेली. सकाळचा चहा झाला की हे चष्मा लावून ओट्यावर बसायचे आणि फोनमध्ये एकेक ॲप उतरवून घ्यायचे. मग त्याची परीक्षा. परीक्षेचा रस्ता म्हणजे आमच्या घरापासून भाजी मंडईपर्यंत, जो आमची म्हैस असती तर तिलाही पाठ झाला असता. एकाच आठवड्यात इतक्या वेळा मंडईला गेले, की घरात मेथी वाळू लागली. परत आले की निकाल सांगायचे. एकाला हॉटेलं सगळी माहीत, पण ते मोटारसायकलीला मोटार समजतं. दुसरं रेंज नसली तरी चालतं, पण त्याला आपली गावं ओळखू येत नाहीत. आणि एक होतं खास दुचाकीवाल्यांचं. त्याला कुठं जायचं ते सांगितलं, की ते जास्तीत जास्त वळणांचा रस्ता शोधून द्यायचं.

हे ऐकून मी लाटणं खाली ठेवलं. माझ्या माहेरचा रस्ता सरळ व्हावा म्हणून आमच्या वडीलधाऱ्यांनी पुढाऱ्यांच्या दारात चपला झिजवल्या होत्या, आणि इथं वाकडा रस्ता मिळावा म्हणून फोन. ह्यांनी मला वर्गात समजावतात तसं समजावलं, की हे पोचण्यासाठी नसतं, जाण्यासाठी असतं. मी पोळीकडं वळले.

जानेवारीत माझ्या नणंदेचा सिरसाळ्याहून फोन आला. शेतात हुरडा तयार आहे, दादाला घेऊन ये. बीडहून सिरसाळ्याला जायचं म्हणजे वडवणी, तेलगाव, की आलं सिरसाळा. हे लहानपणापासून त्या रस्त्यानं जात-येत आहेत. पण वळणांच्या ॲपला ते पसंत पडलं नाही. त्यानं सांगितलं, की मांजरसुंब्याला जा, नेकनूरवरून केजला, तिथून धारूर, मग घाट उतरून तेलगाव आणि मग सिरसाळा. नुसता द्राविडी प्राणायाम. मी नको म्हणणारच होते, पण नेकनूर हा शब्द कानावर पडला आणि गप्प बसले.

नेकनूरला माझी शाळेतली मैत्रीण दिली होती. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. तिच्या लग्नानंतर एकदाच भेट झाली, तीही दवाखान्याच्या दारात, दोघींच्या कडेवर रडकी पोरं. पुढं तिचा नंबर हरवला. तिच्या सासरी फळांचा व्यापार आहे, एवढंच मला माहीत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी पुण्याहून मुलाचा फोन आला. त्याला दोघांची काळजी. त्यानं वडिलांकडून फोनमध्ये काहीतरी सुरू करून घेतलं, ज्यामुळं आम्ही कुठं आहोत ते त्याला आणि त्याच्या आत्याला आपापल्या फोनवर दिसणार होतं. नकाशावर एक निळा ठिपका, तो ठिपका म्हणजे आम्ही. मला ते काही नीटसं समजलं नाही, म्हणून मी हरकत घेतली नाही.

सकाळी निघालो. फोन हॅन्डलला अडकवलेला. बीड सुटेपर्यंत ह्यांच्या ध्यानात आलं, की उन्हामुळं पडद्यावर काही दिसत नाही, आणि दिसलं तरी वाचता येत नाही, कारण जवळचा चष्मा खिशात होता. ऐकायला म्हणून कानात बिनवायरचा इअरफोन घातला होता, तर हेल्मेटमध्ये कान दुखायला लागला. त्यात ते ॲप फक्त इंग्रजी बोलणारं. ह्यांनी त्याला मोठ्यानं ‘हां, हां’ म्हणावं आणि मागून मी विचारावं, “काय?” असं मांजरसुंब्यापर्यंत चाललं.

तिथं चहाला थांबलो तेव्हा त्यांनी इअरफोन माझ्या हातात दिला. मी ऐकायचं आणि त्यांना सांगायचं, असं ठरलं. डावं-उजवं एवढं इंग्रजी मला येतं.

नेकनूर जवळ आलं. कानातली बाई म्हणत होती, सरळ जा. मी ह्यांच्या डाव्या खांद्यावर थाप मारली आणि म्हटलं, डावीकडं गावात. त्यांनी निमूटपणे गाडी वळवली. संसारात माझ्या सांगण्यावरून हे कधी डावीकडं वळलेले मला आठवत नाहीत. इकडं कानातली बाई मागं फिरा, मागं फिरा म्हणत राहिली. तिच्या आवाजात जराही राग नव्हता. आमच्या घरात इतक्या शांतपणे एखादी गोष्ट दोनदा सांगितलेली मी ऐकली नाही.

रस्ता अरुंद झाला. पुढं शेळ्या, त्यांच्या पुढं पेरूच्या क्रेटनं भरलेला टेम्पो. ह्यांना शंका यायला लागलीच होती, तेवढ्यात फोन वाजला आणि माझ्या कानात मुलाचा आवाज आला. “आई, तुम्ही नेकनूरच्या बाजारात काय करताय? आत्या म्हणते ठिपका भलतीकडंच चाललाय.”

पुण्यात बसलेल्या पोराला ते दिसलं आणि गाडी चालवणाऱ्याला दिसलं नव्हतं. मी सगळं ठीक आहे म्हणून फोन ठेवला, पण आता लपवण्यात अर्थ नव्हता. ह्यांनी गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं आणि मागं वळून पाहिलं.

“हे ॲपनं सांगितलं?”

“न्हाई. मी सांगितलं.”

“कावून?”

मी मैत्रिणीचं सांगितलं. हे चिडतील असं वाटलं, पण त्यांनी एवढंच विचारलं, की घर माहीत आहे का. मी नाही म्हटलं. मग भूगोलाचे मास्तर खाली उतरले आणि समोरच्या पानपट्टीवर जाऊन विचारू लागले.

घर दोन गल्ल्या सोडून होतं. मैत्रीण दारातच बोरं धुऊन निवडत बसली होती. केस पिकलेले, चष्मा आलेला, पण मान वर करून बघायची तऱ्हा तीच. मला ओळखायला तिला क्षणभर लागला. मग उठली आणि ओल्या हातांनीच माझे दोन्ही हात धरले.

“आत्ता आठवण झाली व्हय गं तुला?” असं म्हणाली, आणि ह्यांच्याकडं वळून त्यांच्या घरच्या हिंदीत, “आवो भाईसाब, अंदर आवो.”

मी चहापुरतं थांबायचं ठरवलं होतं. पण तिचा नवरा बाहेर आला आणि त्यानं सहज विचारलं, की सिरसाळ्याला निघालात तर इकडून कसे. झालं. ह्यांनी फोन काढला. त्या गृहस्थांचा माल दूरदूरच्या बाजारात जायचा, त्यामुळं त्यांनीही आपला फोन काढला. त्यांचं म्हणणं, कुठलंही ॲप घ्या, पण त्याचा आवाज बंद ठेवा, कारण चांगलं गाणं लागलं की नेमकं ते मधे बोलतं. ह्यांना ते मुळीच पटलं नाही. दोघं बाजेवर समोरासमोर बसले, मधे दोन फोन, आणि आपली पोरं दाखवावीत तशी एकमेकांना ॲपं दाखवू लागले.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो. तिनं जेवल्याशिवाय सोडायचं नाही असं ठरवलंच होतं. ती भाकरी थापत होती, मी वांगी चिरत होते, आणि दहावीनंतरचं सगळं आयुष्य आम्ही पुढं-मागं कसंही सांगत होतो. तिच्या मुलींची लग्नं, माझी शस्त्रक्रिया, दोघींचे गुडघे. तिनं विचारलं, की या वयात गाडीवर मागं बसायची भीती वाटत नाही का. मी खरं ते सांगितलं. भीती मांजरसुंब्यापर्यंत वाटते, पुढं कंबर दुखायला लागली की भीतीकडं लक्ष राहत नाही.

ऊन कलायला लागलं तरी बाहेर वाद मिटला नव्हता. शेवटी मलाच ह्यांना उठवावं लागलं. निघताना पिशवीभर पेरू मिळाले आणि मैत्रिणीनं स्वतः माझ्या फोनमध्ये तिचा नंबर घातला.

केज झालं, धारूर झालं, आणि घाट लागला. तिथं रेंज गेली आणि कानातली बाईही गप्प झाली. हे हळूहळू गाडी चालवत होते, प्रत्येक वळणाला हॉर्न देत होते, आणि हेल्मेटच्या आत काहीतरी गुणगुणत होते. एका वळणावर त्यांनी गाडी थांबवली. मला वाटलं काही बिघडलं. तर हात लांब करून दाखवू लागले, की या डोंगराच्या या अंगाला पडलेलं पाणी सरळ गोदावरीला जातं, आणि त्या अंगाचं मांजरेला. हे त्यांनी पोरांना वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं असेल. मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. पिवळ्या गवतावर उतरतं ऊन पडलं होतं. पेरू खात आम्ही तिथं बराच वेळ उभे राहिलो.

तेलगावला उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली. तिच्या मागं रखडत सिरसाळ्याला पोचलो तेव्हा हुरड्याची आगटी विझली होती आणि नणंद शेताच्या बांधावर कमरेवर हात ठेवून उभी होती. ठिपका नेकनूरला थांबला तो हलेना, म्हणून आधी तिला वाटलं पंक्चर, मग वाटलं आणखी काही. दिवसभर घरातलं एकेक माणूस आळीपाळीनं फोनकडं बघत बसलं होतं.

“दादा, बीडहून निघालतास का पुण्याहून?” तिनं विचारलं. आणि मग माझ्याकडं बघत, “नेकनूरला जायची अक्कल कुणाची?”

मी खाली बघितलं. आता हे माझं नाव घेणार, घ्यायलाच हवं होतं. त्यांनी हेल्मेट काढून सावकाश गाडीला अडकवलं.

“रस्ताच तसा होता,” ते म्हणाले, आणि हुरडा आहे का संपला ते विचारलं.

नणंदेला ते पटलं नाही हे दिसतच होतं. तरी तिनं आगटी पुन्हा पेटवली. गरम हुरडा, वर शेंगदाण्याची चटणी. खाताना तिनं भावाला ते ॲप काढून टाकायला लावलं. त्यांनी ‘काढलं’ म्हणून सांगितलं आणि फोन खिशात ठेवला. काढलं नव्हतं.

आता मैत्रिणीचा दर दोन-चार दिवसांनी फोन येतो. तिलाही गाडीवरून फिरायचं आहे. चौघांनी मिळून कपिलधारला जायचं असं तिनं आणि मी कधीच ठरवून टाकलं. मांजरसुंब्याजवळ तर आहे, चुकायला जागाच नाही. पण आम्ही दोघी आपापल्या नवऱ्यांना विचारायला गेलो, आणि तेव्हापासून ते दोघं रोज फोनवर आहेत. कुठल्या ॲपनं जायचं, ते अजून ठरलेलं नाही.