पानवेलीच्या बाहेर

निर्मळ गावातल्या आमच्या वाडीत केळी होत्या, मोगरा होता, पण आईचा जीव पानवेलीवर. वेलीचा नेम कडक. पाळी आलेल्या बाईने आत पाऊल टाकायचं नाही, वेल जळते. त्या दिवसांत आई बांधावर उभी राहून वडिलांना ओरडायची, "अहो, ते कोवळं नको, मागचं खुडा!" आणि ते मुद्दाम कोवळंच खुडायचे. पन्नाशीत तिची पाळी गेली, तेव्हा ती इतकी खूश झाली की विचारू नका. ऊठसूट वेलीत.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. मी लग्न होऊन बोळिंजच्या फ्लॅटमध्ये आले होते. एका रविवारी स्कूटरवरून माहेरी गेले, तर आई पुन्हा बांधावर, रिकामी टोपली कमरेला लावून.

"आत का नाही गेलीस?"

"परत आली गं बाय," ती लाजत म्हणाली.

दीडेक वर्ष बंद असलेली पाळी! आत्याने तर "वहिनी तरणी झाली" म्हणून पेढे मागितले होते, आणि आईला ती थट्टा आवडलीही होती. केव्हाही थोडंसं रक्त जायचं, थांबायचं, पुन्हा जायचं. ती तेवढे दिवस मुकाट्याने बाहेर. मी मात्र बजावलं,

"उद्या डॉक्टरकडे."

"पाळीसाठी कोण डॉक्टरकडे जातं?"

मी ऐकणाऱ्यातली नव्हेच. दुसऱ्या दिवशी तिला विरारला घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "मावशी, ही पाळी नव्हे. वर्षभर बंद राहिल्यावर पाळी परत येत नसते. नंतर एक डाग दिसला तरी दाखवायचं." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हीही ऐका. दोन पाळ्यांच्या मधेच रक्त गेलं, आठवडा उलटूनही थांबलं नाही, तासातासाला पॅड भिजायला लागलं, तर घरी वाट बघत बसायचं नाही."

आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाळी नव्हती? मग मी वेलीत जाऊ शकले असते?"

मला हसूही आलं आणि रडूही.

गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला गेला. कॅन्सरच निघाला, पण अगदी सुरुवातीचा, पिशवीबाहेर न गेलेला. गर्भपिशवी काढली. ऑपरेशननंतर काढलेली पिशवी दाखवायला नातेवाइकांना आत बोलावलं. वडील बाकावरून उठलेच नाहीत. मी गेले.

स्टीलच्या ट्रेमध्ये ती होती. लहानशा पेरूएवढी. मला वाटलं होतं किळस येईल, चक्कर येईल. तसलं काहीच झालं नाही. मी आणि माझे दोन भाऊ, आम्ही तिघेही इथे राहून गेलो होतो. आम्हाला जागा देण्यासाठी ही एवढीशी वस्तू केवढी झाली असेल, आणि आम्ही निघाल्यावर गुपचूप पुन्हा एवढीशी! देवळात माझे हात सवयीने जुळतात, तिथे आपसूक जुळले. नर्सने चमकून माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी आई नीट शुद्धीवर आली. "केवढी होती गं?"

मी मूठ मिटून दाखवली.

"एवढ्याशात तुम्ही मावलात," ती म्हणाली. "आणि तिच्यापायी मी जन्मभर वेलीबाहेर उभी राहिले?"