जावेसाठी बसवलेली बॅटरी

देव आहे की नाही, अशी शंका मला कधी आली नाही. माझी तक्रार वेगळीच होती. देव आहे, पण तो सुमनचा आहे, माझा नाही, असं मला वाटायचं. सुमन ही माझी धाकटी जाऊ. न्हावऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी खंडोबाचे रविवार धरायचे, जेजुरीच्या पायऱ्या अनवाणी चढायचे, भंडारा उधळताना पदर पसरून एकच मागणं मागायचे. माझी कूस रिकामीच राहिली. सुमन मात्र उपास विसरून सकाळीच चहा-बटर खाऊन मोकळी व्हायची, शेणानं भरलेल्या हातांनीच देवळाच्या दिशेनं नमस्कार करायची. तिला लग्नानंतर लगेच मुलगा झाला आणि आता पुन्हा दिवस गेले होते. भिंतीपलीकडून तिच्या ओकाऱ्यांचा आवाज आला की मी रेडिओ मोठा करायचे. त्या ओकाऱ्यांचासुद्धा मला हेवा वाटायचा.

त्या दिवशी दोघे भाऊ कांद्याचा टेम्पो घेऊन दौंडला गेले होते. सुमनला अजून महिना बाकी होता, पण सकाळची भांडी घासता घासता तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. मोबाइल तेव्हा गावात मोजक्याच लोकांकडे होते. शिरूरची एसटी नुकतीच गेलेली, फाट्यावर एकही जीप नाही. दारात आमची जुनी फियाट उभी होती, पण तिची बॅटरी पार उतरलेली. ढकलून चालू करावी, तर अंगणाचा उतार घराच्या भिंतीकडे. यांनी नवी बॅटरी आणून पडवीत ठेवली होती, सवड मिळाली की बसवू म्हणून.

सासूबाई धावत आल्या. "अगं, तुला गाडी येती न्हवं? बापाची जीप चालवायचीस ना तू?"

"चालवायला येती आत्याबाई. बॅटरी कवा बसवलीय मी?"

खरं बोलले, पण अर्धंच. माझे वडील तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला वडापची, म्हणजे सीटवर प्रवासी नेणारी, जीप चालवत. बॅटरी बदलताना मी त्यांच्या शेजारी कितीदा उभी राहिले होते. ते म्हणत, "काढताना काळी वायर आधी, बसवताना काळी शेवटी." सगळं आठवत होतं, तरी पाय हलेना. मनात येत होतं, सुमनच्या देवानं बघावं की आता. तिचं तर तो सगळं ऐकतो.

तेवढ्यात आतून सुमन ओरडली आणि मी उठले.

बॉनेट उघडलं. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरं-हिरवं किटण चढलेलं, नट त्यात गच्च बसलेले. सासूबाईंनी गरम पाणी आणलं, मी ते हळूहळू ओतलं. किटण विरघळलं, पण घरातला पाना नटावरून घसरत होता. बोटं सोलली. आतून सुमनचं कण्हणं येत होतं आणि माझ्या मनात तेच चालू होतं: माझ्यासाठी कधी कुणी असं धावणार नाही, कारण माझ्यावर अशी वेळच येणार नाही. मी रडत होते, ते तिच्या काळजीनं की स्वतःच्या कीवेनं, मला सांगता येणार नाही.

तेव्हाच रस्त्यावरून हाळी आली, "कुकर रिपेअर, गॅस रिपेअर!" सायकलवर एक परप्रांती माणूस. आमच्या आळीत मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. मी हात करून बोलावलं.

"गाडी का काम मुझे नहीं आता, दीदी," तो म्हणाला. पण पिशवीतून त्यानं दहा नंबरचा पाना काढून माझ्या हातात दिला. तो नटावर बरोबर बसला. काळी वायर सुटली, मग लाल. जुनी बॅटरी त्यानंच उचलून खाली ठेवली आणि नवी जागेवर धरली. मी पट्टी आवळली, लाल वायर अधिकच्या टोकाला लावली, काळी शेवटी. चावी फिरवली. इंजिन एकदा घरघरलं आणि सुरू झालं. सुमनला मागं झोपवून मी आरशात पाहिलं, तेव्हा तो सायकलवर टांग टाकत होता. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

शिरूरच्या वाटेवर सुमनचं डोकं सासूबाईंच्या मांडीवर होतं. कळ ओसरली की ती बोलायची. मध्येच म्हणाली, "ताई, मला वाटलंच व्हतं तुम्ही येनार."

"का?" मी जरा तुसडेपणानंच विचारलं.

"कळ आली तवा देवाला म्हटलं, दुसरं काय न्हाई मागत, फकस्त ताईला पाठव. लगेच तुम्ही बॉनेट उघडल्याचा आवाज आला."

समोरचा रस्ता डोळ्यांतल्या पाण्यानं धूसर झाला, म्हणून वेग कमी केला. इतकी वर्षं मी विचारत होते, देव हिचंच का ऐकतो? आणि आज त्यानं तिचं ऐकून जे पाठवलं, ते मीच होते. जिच्या मनात तिच्याबद्दल एक गोड शब्द नव्हता, ती मी.

दवाखान्यात पोहोचलो आणि थोड्याच वेळात मुलगी झाली. एवढीशी, पण आवाज ठणठणीत. नर्स बाळ घेऊन बाहेर आली तेव्हा सासूबाई आत सुमनपाशी होत्या. ती माझ्याकडे आली आणि माझे हात पाहून थबकली. "आधी हात धुवा, बाई." मी साबणानं घासून घासून धुतले, तरी नखांतलं काळं गेलं नाही. मग पदर दुमडून त्यात बाळ घेतलं.

माझी कूस रिकामीच राहिली, हेही सांगायला हवं. मत्सर एका दिवसात जात नाही. बारशाला सुमनच्या ओटीत नारळ घालतानाही छातीत कळ आलीच. पण तेव्हापासून देवापुढे मी मागण्याची यादी नेत नाही. जे मनात असेल ते नेते, हेवाही. त्याच्या पायाशी ठेवते आणि म्हणते, हेही तुझंच, तुला कुठं वापरायचं ते बघ.