ऑक्टोपसची तीन काळजं आणि नवनीतची मूठ

कळसाडीत कोंबडा आधी ओरडतो की गिरधर, यावर कुणी पैज लावत नाही. कोंबड्याच्या बाजूने बोलणारं गावात कुणी उरलेलंच नाही. सकाळी चूळ भरली की गिरधर ओट्यावर मांडी घालून बसतो, मोबाईल तोंडासमोर भाकरीसारखा आडवा धरतो, खाकरतो आणि सुटतो.

"राम राम मंडळी! ऐका गिरधर जिभाऊन्या खबरा. धल्लासनी ऐकान्या, तरण्यासनी जळान्या!"

धल्ला म्हणजे म्हातारा, आणि जिभाऊ म्हणजे थोरला भाऊ. गिरधर फक्त एका नवनीतचा थोरला, पण स्वतःला तो सगळ्या शहादा तालुक्याचाच थोरला समजतो. शाळेत सातवीपर्यंत गेला. पुढे का गेला नाही विचारलं तर म्हणतो, "मास्तरकडे शिकाडाले काही उरंच नई व्हतं."

त्याच्या मोबाईलवरच्या गटात गावातली सगळी पिकली पानं आहेत, शिवाय सुरतला, नाशिकला पोरांकडे जाऊन पडलेली म्हातारी माणसं. त्यांना दात नाहीत, झोप नाही, घरात कुणी विचारत नाही. त्यांना सकाळी गिरधर लागतो. आधी गावची बातमी: "भिलाना बैल काल गटारमा पडना. बैल बरा शे, भिला लंगडस." मग ज्ञानाची गोष्ट, कॅलेंडरच्या मागच्या पानावरून उचललेली: जिराफाच्या मानेत माणसाएवढीच हाडं असतात. "म्हणजे मान लांब व्हयनी म्हनीसन कोनी मोठा व्हत नई, समजनं का सरपंच?" शेवटी जुनी आठवण. सारंगखेड्याची यात्रा, तंबूतला सिनेमा, पडद्याच्या उलट्या बाजूला बसून पाहिलेला, म्हणून ज्यातला हिरो सगळ्यांनाच डावखुरा वाटला होता. प्रत्येक आठवणीत एक अडचण येते आणि गिरधर ती सोडवतो. तंबू पडला तर गिरधरने धरला. घोडा उधळला तर गिरधरने अडवला. सुरतच्या तापीबाईने एकदा विचारलं, "जिभाऊ, तू एकटाच व्हता का यात्रामा?" त्यावर गिरधर म्हणाला, "बाकीना देखाले उनेल व्हतात."

हे सगळं सुरळीत चाललं होतं. बिघडलं ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला.

आखाजीला कळसाडीत आमरस होतो. भाऊ, भावजया, लेकी, सगळे जमतात. नवनीत बायको रोहिणीबरोबर शहाद्याला राहतो. वीज कंपनीत कारकून होता, आता पेन्शन खातो. ऐन आखाजीच्या दिवशी तो पेन्शनवाल्या मित्रांबरोबर सहलीला निघून गेला, आणि तिथून फोटो पाठवला: डोळ्यांना काळा चष्मा, हातात नारळपाणी, मागे समुद्र. इकडे गिरधरच्या घरी आमरसाचं पातेलं माशा मोजत बसलेलं.

गिरधरने महिना-दीड महिना तो फोटो मनात ठेवला. मग एका सकाळी ज्ञानाच्या गोष्टीत बाहेर काढला.

"मंडळी, दर्यामा ऑक्टोपस नावनं जनावर ऱ्हास. त्याले तीन काळजं ऱ्हातस. तीन! आनी मन्हा भाऊ नवनीत दर्या देखाले गया, त्याले एकबी नई!"

गट हसून लोळला. ज्यांना बोटं धड उचलत नाहीत त्यांनीही हसरी तोंडं पाठवली. मग खाली एक बारीक ओळ आली: नवनीत गटातून बाहेर पडले. पाठोपाठ फोन.

"दादा, तुना गट तुले लखलाभ. आनी ऐक, औंदा कानबाईले मन्ही मूठ टाकू नको."

एवढं बोलून नवनीतने फोन ठेवला. गिरधरच्या तोंडचं पाणी पळालं.

कानबाई म्हणजे श्रावणातली आमची खानदेशची आई. तिचे रोट करायचे तर घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, दळतात, त्याचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, होतात. ज्याच्या नावाची मूठ पडली तो घरचा. ज्याची पडली नाही तो... असं कळसाडीत अजून कुणाचं झालेलं नाही, म्हणून त्याला शब्दच नाही. भाऊ वेगळे झाले, बांधावरून कोर्टात गेले, पण मूठ सगळ्यांची पडत आली. आणि पडलेल्या मुठीचा रोट घरातच संपला पाहिजे, पौर्णिमेच्या आत. बाहेरच्याला त्यातला घास नाही, गुराला नाही, कुत्र्याला नाही.

दगूबाई, गिरधरची बायको, म्हणाली, "फोन करा त्यासले. तुम्हीन बोलनात, तुम्हीनच मिटाडा."

"मी मोठा शे. मोठा मानूस फोन करत नई."

"मोठा मानूस ऑक्टोपसबी करत नई."

"ती ज्ञाननी गोष्ट व्हती!"

"मग आते त्याच ऑक्टोपसले बलावा रोट खावाले," असं म्हणून दगूबाई आत गेली.

गिरधर रोज खबरा देत राहिला, पण गडी मनातून खचला होता. एके दिवशी त्याने तीच जिराफाची मान दुसऱ्यांदा सांगितली आणि कुणी काही बोललं नाही. म्हाताऱ्यांनाही दया येते, हे त्याला फार लागलं.

कानबाईच्या आदल्या दिवशी गहू काढायला भाऊबंद जमले. मूठ थोरल्यानेच काढायची, म्हणून सुपासमोर गिरधर बसला. चुलत भाऊ भिला नावं घेऊ लागला. गिरधरची, त्याचा मुलगा कुंदनची, भिलाची, भिलाच्या पोरांची. नवनीतला एकच लेक, मयूरी, म्हणून त्याच्या घरची मूठ एकच, त्याची. तिथे येऊन भिला थांबला.

"नवन्यानी तं नको ना, जिभाऊ? त्यानं सोताच सांगेल शे."

सगळे गिरधरकडे बघू लागले. गिरधरने पोत्यात हात घातला आणि कोपरापर्यंत नेला. मूठ बाहेर आली ती अशी, की बोटांच्या फटींतून गहू ओघळत होते.

"ही मूठ कोनी?" भिलाने विचारलं.

"कोनीच नई. मन्हा हातच मोठा शे. चुकीसन पडनी."

"चुकीसन सव्वा पडनी?"

"तू नावं घे, लंगड्या!"

रविवारी रोट झाले, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी झाली, खीर झाली. कानबाईपुढे दिवे लागले. शहाद्याहून एक गाडी आली, दुसरी आली. गिरधर प्रत्येक गाडीला "मी काय, सहज हवा खाई ऱ्हायनू" म्हणत फाट्याकडे बघून आला. नवनीत आला नाही. पंगत उठली, आणि थाळीत त्या चुकून पडलेल्या मुठीचे रोट उरले. ती मूठ सगळ्यांत मोठी, म्हणून उरलेलंही सगळ्यांत जास्त.

भिला म्हणाला, "आते?"

"आते काय? मी खाई लेसू. एकोणऐंशीमा यात्रामा मी अशा रोटसनी चळत एकटाच..."

"आनी तंबूबी धरेल व्हता," भिलाने पुढचं वाक्य पूर्ण केलं.

गिरधरने रात्री दोन खाल्ले. सोमवारी नाचत-गात कानबाई नदीला पोचवली आणि येऊन आणखी दोन खाल्ले. रोट तोवर इतके घट्ट झाले होते की एखादा दाराला अडसर म्हणून चालला असता. मधुमेहाची रोजची गोळी आणि गिरधरचा हट्ट दोघं पोटात भेटले, आणि मंगळवारी सकाळी कळसाडीत कोंबडा एकटाच ओरडला.

खबरा आल्या नाहीत. गट घाबरला. कुणी म्हणे मोबाईल बिघडला, कुणी म्हणे गिरधर. नाशिकच्या एका म्हाताऱ्याला काही कळलं नसताना त्याने हात जोडलेला फोटो पाठवला, खाली गुलाबाची फुलं. तापीबाईने लिहिलं, "जिभाऊ गया वाटस, बिचारा एकटाच व्हता यात्रामा." गिरधर खाटेवर पडल्या पडल्या हे वाचत होता. रागाने त्याला अर्धं बरं वाटलं. उरलेल्या अर्ध्यासाठी दगूबाई ओवा भाजत होती.

दुपारच्या गाडीने नवनीत उतरला. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात औषधाची पिशवी. ओट्यावर चढताच ओरडला, "काय व्हयनं? आज खबरा का नई उन्यात?"

गिरधर भिंतीला टेकून बसला. कानात कुणी साखर ओतावी तसा त्याचा चेहरा झाला, पण त्याने तो लगेच आवरला.

"तुले काय करनं? तू तं गटमातून निंघी गया ना?"

नवनीत चपला काढण्यात गुंतला. "रोहिणीना फोनवर ऐकस मी. रोज."

"रोज?"

"जिराफ दोनदा सांगा तू."

"तवय ध्यानमा उनं तुले!" गिरधरने पायावरची चादर फेकली. "सगळा गट गप बसना, मालेच वाटनं की..." पुढचं त्याने गिळलं. आतून दगूबाईने थाळी आणून नवनीतपुढे ठेवली. थाळीत रोट, वर तूप.

"मी सांगेल व्हतं, मूठ टाकू नको."

"टाकीच नई. हात मोठा शे मन्हा. चुकीसन पडनी."

"सव्वा पडनी चुकीसन," दगूबाई दारातून म्हणाली.

नवनीतने रोट उचलला, थाळीवर आपटून पाहिला. टण् आवाज आला. "दादा, हाई रोट शे का विजेना खांबना तुकडा?"

"वीज कंपनीवालाले खांब चालस. खाय."

नवनीतने तोडायला दोन्ही हात लावले. पहिला घास तोंडात फिरवता फिरवता त्याला बोलता येईना, आणि हीच वेळ बरी, असं गिरधरला वाटलं. त्याने उशीखालचा मोबाईल काढला, भाकरीसारखा आडवा धरला आणि खाकरला.

"राम राम मंडळी! मी जिवत शे. नाशिकवाला आप्पासना गुलाब पोचनात, ते मी त्यासना नाववर सांभाळी ठेयेल शेतस, लागतीन त्यासले. आते खबर. शहादाना एक पेन्शनवाला गृहस्थ कळसाडीमा उना, आनी रोट खाई ऱ्हायना. आनी ती ऑक्टोपसनी गोष्ट." इथे तो थांबला. नवनीतचा जबडाही थांबला. "मी आखो तपास करा. नवनीतले काळीज शे. एक शे. लहानसं शे, पेन्शनमा बसी इतलंच, पन शे."

"दा-आ-आ..." नवनीतच्या तोंडात रोट होता.

"ते सोता बोलाले मागस, पन त्याना तोंडमा आम्हना घरनं शे. राम राम!"

त्याने बोट उचललं, आणि खबर सुरतपर्यंत गेली. नवनीतने पाण्याने घास उतरवला, दुसरा तोडायला घेतला आणि म्हणाला, "माले गटमा टाकू नको. रोहिणीना फोनवर ऐकाले बरं पडस, मन्ही बॅटरी वाचस."

"मी कोठे टाकी ऱ्हायनू?" गिरधर म्हणाला, आणि नवनीतचं लक्ष रोटात आहे असं बघून त्याने त्याला गटात टाकलं.

थोड्या वेळाने तापीबाईचा निरोप आला: "जिभाऊ, खबरमा मांगे ते काय कडकड वाजी ऱ्हायनं? तुनं घर पडनं का?"